नगमाची पाथ

आमची पोरं शाळेत जात नव्हती. हे वाक्य हिवरखेडच्या बाजारात म्हणून पाहा, भाजीवालीसुद्धा तराजू खाली ठेवते. "काहून वो, बिमार आहेत का?" नाहीत. "काढून टाकलं का शाळेतून?" नाही, आम्हीच काढलं. "मंग दिवसभर करतात काय?" शिकतात. यावर ती माझ्याकडे अशी पाहते, की जणू मी मेथी घेऊन पैसे न देता निघाले.

सगळ्यांना एकच उत्तर देऊन देऊन माझं तोंड झिजलं, म्हणून आता लिहून टाकते.

आम्ही आधी अमरावतीला होतो. किशोर, म्हणजे माझा नवरा, एका खाजगी इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवायचा. कॉलेजची इमारत चकचकीत, पगार मात्र दिवाळीसारखा, आला तर वर्षातून एकदा. आमची दामिनी तेव्हा दुसरीत होती. शाळेनं प्रोजेक्ट सांगितला, 'माझा आवडता प्राणी.' पोरीनं काळ्या मातीचा बैल केला. शिंगं, वशिंड, शेपटी सगळं स्वतःच्या हातानं. बाईंनी तो बेंच खराब होतो म्हणून खिडकीत ठेवला आणि दुकानातून आणलेला थर्माकोलचा वाघ काचेच्या कपाटात. ज्याच्या बापाच्या पाकिटात दम, त्याच्या पोराला शाबासकी. खिडकीतला बैल पावसानं विरघळला. पोरगी घरी येऊन म्हणाली, "मी उद्या नाही जात." मी म्हटलं, "परवाही जाऊ नको."

नोकरी तशीही नावालाच होती. आम्ही बोजाबिस्तरा बांधून हिवरखेडला आलो. शेत माझ्या सासऱ्यांचं, महादेवरावांचं. ते जिल्हा परिषदेचे निवृत्त मुख्याध्यापक, अकोटला राहतात. ज्या माणसानं जन्मभर दुसऱ्यांची पोरं कान धरून शाळेत बसवली, त्याची स्वतःची नातवंडं धुऱ्याबांधावर हिंडतात, हे दुःख त्यांनी छातीत गोळीसारखं वागवलं. अकोटात कोणी विचारलं, "गुरुजी, नात कितवीत आहे?" तर म्हणत, "बाहेर असते शिकायला." खोटं नव्हतं. ती बहुतेक वेळ बाहेरच असायची.

आता आमची घरची शाळा सांगते. फळा म्हणून आमच्याकडे वाढदिवसाच्या फलकाचं फ्लेक्स होतं. गावातल्या एका 'भावी' पुढाऱ्याचा वाढदिवस झाला, फलक वाऱ्यानं पडला, किशोर सायकलवर घालून घेऊन आला. मागची पांढरी बाजू बाहेर करून तो भिंतीला टांगला आणि ब्रशनं त्यावर लिहायला सुरुवात केली. पण सुरुवातीला गोपाल, आमचा धाकटा, तो उलटा करून पुढची बाजू वाचत बसायचा. त्यानं आयुष्यात वाचलेला पहिला शब्द 'भावी' आणि दुसरा 'हार्दिक'. दोन्ही पोरांचं अक्षर त्या फलकासारखंच झालं. जाड, ठसठशीत, आणि प्रत्येक अक्षराच्या उजव्या बाजूला सावली. साधं 'घर' लिहिलं तरी वाटतं निवडणुकीला उभं आहे. पोरांना शिकवता शिकवता माझंही अक्षर तसंच झालं.

सायकलच्या जुन्या रिमचा तराजू, साबणाच्या डबीचा कंपास, किशोरचा शर्ट फाटला की दामिनीचा फ्रॉक आणि फ्रॉक फाटला की गोपालचं दप्तर. दप्तर कशाला, शाळा घरीच तर आहे, हा प्रश्न आम्ही कोणी विचारला नाही. किशोरनं खोक्याला चांदीचा कागद चिकटवून उन्हाची चूलही केली. तीत डाळ सकाळी ठेवली की संध्याकाळी कोमट व्हायची. ती डाळ आम्ही विज्ञान म्हणून खाल्ली.

आणि नियम एकच. तो मी शेतातून आणला. आमच्याकडे कापूस वेचताना बाया ओळीनं उभ्या राहतात, प्रत्येकीची एक ओळ, तिला म्हणतात पाथ. जिचा हात चपळ, ती आधी धुऱ्याला लागते. पण धुऱ्यावर बसून ती एकटी भाकरीचं फडकं सोडत नाही. ती वळते, जी मागं राहिली तिची पाथ समोरच्या टोकाकडून धरते, आणि वेचत वेचत येते. दोघी मधात कुठंतरी भेटतात. मग सगळ्या मिळून बसतात. मी पोरांना सांगितलं, आपल्या घरात अभ्यास असो की शेंगा फोडणं, हाच कायदा. आपली पाथ झाली की मागच्याची समोरून धरायची.

गोपालनं या नियमाचा जेवढा अभ्यास केला तेवढा दुसऱ्या कशाचाच केला नाही. पहिल्या गणितावर पेन्सिलीचं टोक करत बसायचा. दामिनी आपली गणितं उरकून त्याची खालून सोडवत वर यायची आणि हा पहिल्या गणिताच्या दारात तिचं स्वागत करायला हजर.

असं आमचं बरं चाललं होतं. म्हणजे मला तसं वाटत होतं.

आमच्या शेजारी जैनबबी राहते. गाद्या भरते. तिचा नवरा ताहेर मोटारपंप दुरुस्त करतो. त्यांची नगमा आणि आमची दामिनी एका वयाच्या, एकीला हाक मारली की दोघी ओ देतात. नगमा गावातल्या शाळेत सातवीला. जैनबबीचा जीव मात्र अकोटच्या एका शाळेवर अडकला होता. तिथं म्हणे खरी प्रयोगशाळा आहे, काचेच्या नळ्या आहेत. आठवीला घेतात, पण परीक्षा घेऊन.

एक दिवस जेवताना दामिनी म्हणाली, "आई, मले बी ते परीक्षा देऊन पाहाची आहे."

"कोनती?"

"नगमा देऊन राहिली ते."

माझा घास हातातच राहिला. "काहून? घरात काय कमी आहे तुले?"

तिनं भाकरीचा तुकडा मोडला. मग म्हणाली, "घंटी नाही."

किशोरला कोणी काही कमी आहे म्हटलं की तो दुरुस्तीच काढतो. दुसऱ्या दिवशी त्यानं नांगराचा जुना फाळ अंगणातल्या कडुलिंबाला टांगला. गोपालनं तो दिवसभर बडवला. म्हशीनं दूध चोरलं.

"ते घंटी नाही, बाबा," दामिनी कपाळाला हात लावून म्हणाली. "मधली सुट्टी. आपल्या घरी मधली सुट्टीच नसते. भाकर थापली की वर्तुळ. वरण उकळलं की वाफ. परवा मी पडली, गुडघा फुटला, तं तुमी मले रक्त कसं गोठते ते सांगत बसले. मले रडाचं होतं."

किशोर माझ्याकडे पाहायला लागला, मी गोपालकडे, गोपाल भाकरीकडे.

"वर्तुळ," गोपाल म्हणाला.

संध्याकाळी जैनबबी आली. ओट्यावर बसली, पदरानं वारा घेतला आणि थेट मुद्द्यावर आली. "भाभी, आमच्या ताहेरचं डोस्कं फिरेल हाय. बोलते, एकली पोरगी यष्टीनं अकोटले नाई जानार. दामिनी संगं असन तं जाऊ दे. आता तुमीच सांगा, मी काय करू? तुमच्या पोरीले शाळेत धाडा असं तं मी बोलू नाई शकत. तुमी तं शाळेचं नाव काढलं की इळा घेऊन उभ्या राहाता."

"मी कधी इळा घेतला?"

"वो पिछले साल, तुमारे ससरे गुरुजी आये थे तब."

"तो कांद्याच्या पाती कापायले होता."

"हाव, पन तुमी गुरुजीकडं पाहून कापून राहिल्या होत्या."

मी हो म्हटलं. दामिनी परीक्षा देईल. का म्हटलं तेही सांगते, लपवायचं काय त्यात. मला खात्री होती की पोरगी नापास होईल. तिला कुठल्याही वावराचं क्षेत्रफळ दोरी टाकून काढता येतं, पण 'योग्य पर्याय निवडा' हे तिनं कधी पाहिलं नव्हतं. एकदा नापास झाली की शाळेची हौस फिटेल आणि घरचं घरी राहील. मग नगमाचं काय, हा विचार माझ्या दारात आला होता. मी त्याला पाणीही न विचारता परत पाठवला.

मामाजींना बातमी कळली आणि ते पहिल्या गाडीनं आले. मी सासऱ्यांना मामाजी म्हणते, पोरं आबाजी. इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेन. आल्या आल्या त्यांनी लिंबाखाली बाज टाकली आणि दामिनीला शाळेत कसं वागायचं ते शिकवायला बसले.

"उत्तर आलं की काय करायचं?"

"सांगाचं."

"चूक. हात वर करायचा. गुरुजींनी नाव घेतलं की उभं राहायचं. मग सांगायचं."

"अन् गुरुजीनं नावच नाही घेतलं तं?"

"तर बसून राहायचं."

"मंग उत्तराचं काय होते, आबाजी?"

मामाजींनी चष्मा पुसला. नोकरीभर हा प्रश्न त्यांना कोणी विचारलेला दिसत नव्हता. पण त्यांनी नेटानं सगळं शिकवलं. वरच्या कोपऱ्यात नाव लिहायचं. पाणी प्यायला विचारून जायचं. एका जागेवर बसायचं, हे तर दोन दिवस शिकवलं. सगळं सांगितलं. फक्त एक गोष्ट सांगितली नाही, कारण ती कोणाला सांगावी लागते हेच त्या बिचाऱ्यांना माहीत नव्हतं.

परीक्षा रविवारी होती. मी, जैनबबी आणि दोघी पोरी सकाळच्या यष्टीनं अकोटला गेलो. किशोर आणि गोपाल घरी राहिले, उन्हाच्या चुलीला नवा कागद लावायचा होता. मामाजी शाळेच्या फाटकाशी आमच्याआधीच उभे. आत जाणाऱ्या प्रत्येक शिक्षकाला ते सांगत होते, "नात आहे माझी. मी स्वतः मुख्याध्यापक होतो." फाटकावरच्या शिपायालाही सांगितलं, दोनदा.

पोरी आत गेल्या. आम्ही शाळेच्या अंगणातल्या लिंबाखाली बसलो. आमच्या भोवती टाय लावलेल्या पोरांच्या आया, हातात बिसलेरी, तोंडात देवाचं नाव. एकीनं मला विचारलं, "क्लास कोणता लावला होता?" मी म्हटलं, "बाजेवरचा." तिनं बहुधा नवीन क्लासचं नाव समजून लक्षात ठेवलं. जैनबबीनं पुऱ्यांचा डबा उघडला आणि बंद केला. घाबरली की तिला भूक लागते आणि भूक लागली की घास उतरत नाही.

"होईन ना वो भाभी?"

"होईन," मी म्हटलं. नगमाचं होईल असं म्हणाले. दामिनीचं नाही होणार, हे मनात.

अजून पेपर सुटायचा होता, तोच शिपाई बाहेर आला. "दामिनीचे पालक कोन? अन् नगमाचे? ऑफिसात या. मोठ्या मॅडमनं बोलावलं."

मामाजी ताठ उभे राहिले. "पहिली आली असेल," म्हणाले.

"पेपर चालू असताना?" मी विचारलं.

ऑफिसात मोठ्या मॅडम खुर्चीत. पन्नाशीच्या, केसांत मेंदी, टेबलावर थंड झालेला चहा. एका बाजूला दामिनी उभी, निवांत. दुसऱ्या बाजूला नगमा, ओढणीत तोंड घालून रडत होती. मधात एक तरुण सर, घामाघूम.

"मॅडम, मी कॉपी पकडली आहे आजवर," सर म्हणाले. "कॉपी करणारं पोरगं इकडं पाहते, तिकडं पाहते, घाबरते. हे पोरगी उठली. आपला पेपर माझ्या टेबलावर आणून ठेवला. बाजूच्या बाकावर गेली, 'सरक' म्हणाली, अन् त्या पोरीचा पेपर खालून लिहायला लागली. इतकी बिनधास्त, की मलेच वाटलं हिनं परवानगी काढली असन."

मामाजींच्या तोंडचं पाणी पळालं. "कॉपी," ते एवढंच म्हणाले. "माझ्या नातीनं. कॉपी."

"कॉपी म्हंजे घेनं ना, आबाजी," दामिनीनं समजावलं. "मी तं देलं."

"तू काय केलंस, तू सांग," मॅडम तिला म्हणाल्या.

"माही पाथ झाली होती," दामिनी म्हणाली. "नगमा मागं राहिली होती. मंग मी तिची समोरून धरली."

मी डोळे मिटून घेतले. घरात जे पेरलं ते असं भर परीक्षेत उगवलं होतं. आता या बाईंना पाथ म्हणजे काय ते समजावून सांगावं लागणार, आणि त्या कपाळाला आठ्या घालणार. मी तोंड उघडलंच होतं.

मॅडमनी चष्म्यावरून दामिनीकडे पाहिलं. "कोनत्या नंबरवर भेटल्या?"

"सातव्या."

"म्हंजे खालून सगळे तुह्ये, अन् वरून सात तिचे."

"हाव. सातवा अर्धा अर्धा."

मॅडमनी चहाचा कप उचलला, पाहिला, परत ठेवला. त्या हसल्या नाहीत, पण तोंड मिटून ठेवायला त्यांना कष्ट पडत होते. मला कळलं, ही बाई कधीतरी वावरात वाकलेली आहे.

पण मी घरून भांडण बांधून आणलेलं होतं. भाकरीसारखं. ते न सोडता परत कसं न्यायचं? "मॅडम," मी म्हटलं, "तुमच्या शाळेत दुसऱ्याले मदत करनं गुन्हा आहे का? मी पोरीले हेच शिकवलं. पुढं जाऊन एकटीनं भाकर खायची नाही, हे शिकवलं. तुमी काय शिकवता? शेजारचा बुडत असन तं आपला पेपर झाकून घ्या?"

"पेपरात आहे गुन्हा. बाहेर नाही," मॅडम म्हणाल्या. "बसा तुमी. खुर्ची मागं आहे."

मी बसले.

"नियमानं दोन्ही पेपर रद्द होतात," मामाजी खालच्या आवाजात म्हणाले. "मी असतो तर केले असते."

जैनबबी त्यांच्याकडे वळली. "गुरुजी, तुमी आमच्याइकडून आले का यांच्याइकडून?"

"जैनबबी, नियम म्हणजे..."

"नियम तुमच्या बाजेवर ठेवा. माह्या पोरीनं काय केलं? ते तं बसून लिवून राहिली होती. तुमची नात आली अन् सरक बोलली!"

तेवढ्यात नगमाची ओढणी तोंडावरून निघाली. "मी हिले सांगतलं होतं, हात नको लावू म्हून! मले येत होतं! मी फक्त हळूहळू लिवून राहिली होती! अन् हिनं सगळं चुकवलं!"

"मी?" दामिनीला पहिल्यांदा धक्का बसला. परीक्षा, ऑफिस, कॉपी, कशानं ती हलली नव्हती.

मॅडमनी नगमाचा पेपर टेबलावर उलटा फिरवला. मला लांबूनही दिसलं. वरचा अर्धा नगमाचा, बारीक, एका रेषेत, गादीच्या टाक्यांसारखा. खालचा अर्धा म्हणजे गावातल्या चौकात टांगायला काढलेला. प्रत्येक अक्षराला सावली. ते पाहायला हस्ताक्षरतज्ज्ञ लागत नव्हता, अर्ध्या चष्म्याचा माणूसही पुरे होता.

"कपाशीपासून काय मिळते," मॅडमनी वाचलं. "सूत, तेल, गूळ, मीठ. योग्य पर्याय निवडा. हिनं सूत अन् तेल दोन्हीवर खूण केली."

"सरकीचं तेल निंघते ना," दामिनी म्हणाली.

"निंघते. पन खूण एकच कराची असते."

"मंग दुसरं खरं असन तं?"

"तरी एकच."

दामिनीनं मामाजींकडे पाहिलं. हे तुम्ही सांगितलं नाही, असं ते पाहणं होतं. मामाजी छताकडे पाहत होते.

खालच्या अर्ध्यात असे पुष्कळ प्रश्न होते. सगळ्यांवर आमच्या पोरीनं उदार मनानं दोन दोन, कुठं तीन खुणा केल्या होत्या. तिनं जी केली होती ती मदत नव्हती, टोळधाड होती. इतकी वर्षं मी ज्या शिक्षणाचा झेंडा हातात घेऊन बाजारात भांडले, त्याचा निकाल टेबलावर पडला होता आणि तो दुसऱ्याच्या पोरीच्या पेपरावर होता.

मॅडमनी पेपर बाजूला ठेवला. मग शिपायाला सांगून कोपऱ्यात स्टूल लावलं. "नगमा, वरचं तुह्यं आहे, ते मी धरते. खालचं इथं बसून पुन्हा लिही. नवा कागद घे. अन् रडू नको, शाई पसरते." मग त्या माझ्याकडे वळल्या. "आता हिचं. हिचा स्वतःचा पेपर मी पाहिला. खुणा सगळ्या वाया गेल्या. पण जिथं दोन ओळी लिहायच्या होत्या तिथं हिनं पान भरलं आहे, आणि बरोबर भरलं आहे. काठावर बसते. पेपरात जे झालं त्याचं हिनं लिहून द्यावं, की परीक्षेत पुन्हा कोणाला हात लावणार नाही. खाली पालकांची सही. तुमची. तुम्हाला पटत नसेल तर सही करू नका, विषय इथंच संपला. प्रवेश नाही."

म्हणजे सगळं माझ्या हातात आलं. मला काहीच करायचं नव्हतं. फक्त मान वर करून म्हणायचं होतं, असलं लिहून देणं आमच्या तत्त्वात बसत नाही. किती रुबाबदार वाक्य. पोरगी घरी, शाळा घरी, माझा झेंडा घरी.

मला वाटलं दामिनीच अडून बसेल. माझी पोरगी आहे. ती म्हणेल, मदत केली त्यात चूक काय, नाही लिहून देत. तिनं टेबलावरचा पेन घेतला. "सावली नाही काढत, लवकर होईन," म्हणाली आणि लिहून मोकळी झाली. पोरीला मधली सुट्टी पाहिजे होती. तत्त्व पाहिजे होतं मला.

कागद माझ्यासमोर आला. जैनबबी माझ्याकडे पाहत होती, डबा पोटाशी धरून. ताहेरची अट तिला माहीत होती, मलाही माहीत होती. दामिनी नाही तर नगमाही नाही. कोपऱ्यात नगमा स्टुलावर वाकून लिहीत होती. मधेच नाक पुसत होती आणि परत लिहीत होती. ज्या विचाराला मी दारातून पाणी न विचारता परत पाठवलं होतं, तो आता समोर स्टुलावर बसून पेपर सोडवत होता, हळूहळू, एका रेषेत, एकेक खूण करत.

पाथ समोरून धरायची हा कायदा माझाच. मी तो दुसऱ्यांसाठीच केला होता, असं दिसत होतं.

"पेन द्या," मी म्हटलं.

सही केली. मॅडमनी ती पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं. "हे सावली तुमच्याकडून आली का?"

"फ्लेक्सकडून," मी म्हटलं. "भावी पुढाऱ्याच्या."

बाहेर आल्यावर जैनबबीनं डबा उघडला आणि एका दमात पुऱ्या खाल्ल्या. मग मला म्हणाली, "भाभी, मले वाटलं तुमी इळा काढता आता."

"घरी राहिला," मी म्हटलं.

उन्हाळा गेला, शाळा सुरू झाली. नगमाला चांगले गुण पडले, दामिनी यादीत शेवटून पाहिलं की लवकर सापडली. दोघी सकाळच्या यष्टीनं जातात. ताहेर रोज थांब्यावर सोडायला जातो आणि वाहकाला दम देतो. किशोरनं दामिनीला सांगितलं, शाळेतलं होकायंत्र, भिंगं, नळ्या जे काही असेल त्याचं चित्र काढून आण, आपण घरी करू. ती म्हणाली, "बाबा, ते तिथंच राहू द्या ना."

गोपाल मात्र उघडा पडला. त्याची पाथ समोरून धरायला कोणी उरलं नाही. एक आठवडा तो पहिल्या गणितावर टोक करत बसला, बहिणीची वाट पाहत. मग मामाजी यायला लागले. म्हणे नातवाला शाळेच्या लायक करायचं आहे. बाजेवर बसतात, हात वर करायला शिकवतात. परवा मी पाहिलं तर गोपाल पेन्सिलीला टोक करत होता आणि जिल्हा परिषदेचे निवृत्त मुख्याध्यापक त्याची गणितं खालून सोडवत वर येत होते.

"मामाजी," मी म्हटलं, "कॉपी."

"कॉपी म्हणजे घेणं," ते वर न पाहता म्हणाले.

त्याच दिवशी दामिनी शाळेतून उशिरा आली. यष्टी बिघडली होती. चेहरा उतरलेला, आणि दप्तरात प्रश्नोत्तरांचा ढीग, तीच उत्तरं पुन्हा पुन्हा लिहून आणायची. असला गृहपाठ देणाऱ्याला मी वावरात एक दिवस तण निंदायला लावीन, पण ते पुढं कधी. ती चुलीजवळ बसून लिहायला लागली. मान दुखते म्हणून मधेच मान वाकडी करायची. मी हात पुसले, तिच्या वहीचं शेवटचं पान उघडलं आणि खालून सुरुवात केली.

तिनं वही ओढून घेतली. "आई, नको. तुह्या अक्षराची सावली पडते. मॅडम वळखतात."

"मंग मी सावली नाही काढत."

"तुह्यानं होत नाही ते," ती म्हणाली. खरं होतं.

मी परत चुलीकडे गेले. भाकर थापली, तव्यावर टाकली, फुगली. चांगली गोल झाली होती. तिच्या ताटात ठेवली. दामिनीनं लिहिणं थांबवलं, भाकरीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी तोंड मिटून दुसरा गोळा घेतला.

"काय झालं?" ती म्हणाली. "इचार ना."

"काय इचारू?"

"परीघ."

"गपचूप खाय," मी म्हटलं. "मधली सुट्टी आहे."